टर्बो गाडी घेतली, पण पिकअपच नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१८ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० मी सेकंडहँड घेतली आणि पहिल्याच आठवड्यात घरच्यांना सांगायची सोय नाही अशी गोष्ट लक्षात आली. गाडी माझ्या आधीच्या डिझेल सेदानपेक्षा फार काही पळत नव्हती. पुढचे दीड महिने बोनेट उघडून बघण्यात, नको ते पार्ट बदलण्यात आणि ‘अहो, या गाड्या अशाच असतात’ हे ऐकण्यात गेले. शेवटी दोष सापडला तो चहाच्या पैशांत मावणारा. तेव्हापासून पोलो जीटी टीएसआयवाले, आय२० एन लाइनवाले, एखादा बीएमडब्ल्यूवाला, सगळे मला साधारण तेच तेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. उदाहरणं बहुतेक आरएसची आहेत, पण टर्बो पेट्रोल इंजिनाचं दुखणं सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखंच.

गाडी खरंच कमी पळतेय की मलाच तसं वाटतंय?

बऱ्याचदा वाटतंयच. आरएस २३०चा ३५० न्यूटनमीटर टॉर्क १५०० आरपीएमला येतो आणि ४६०० पर्यंत तसाच सपाट राहतो. जुन्या व्हीटेक होंडासारखं वरच्या आरपीएमला अचानक अंगात वारं शिरत नाही. त्यात गाडी रुंद, जड, आतून शांत. शंभरचा वेग साठसारखा वाटतो. पाठीला सीट किती रुतली यावर निकाल देऊ नका, घड्याळ लावा.

मात्र शून्य ते शंभर मोजू नका. कंपनीचा आकडा ६.८ सेकंदांचा आहे, पण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत सुटताना टायर घसरतात आणि मोजलं जातं तुमच्या पायाचं कसब. त्यापेक्षा तिसऱ्या गिअरमध्ये ६० ते १०० मोजा. सुटण्याची भानगड नाही, गिअर बदलण्याची नाही, इंजिन टर्बोच्या पट्ट्यात आहे, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात कारची मर्यादा १०० असल्याने कॅमेऱ्यालाही काही म्हणायला जागा नाही. ड्रॅगीसारखी जीपीएसची डबी मिळते, ती डॅशबोर्डवर ठेवायची. स्पीडोमीटर बघून स्टॉपवॉच दाबणं सोडा, स्पीडोमीटर थोडा जास्तच दाखवतो.

डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर गिअर मॅन्युअल मोडमध्ये घ्या आणि पॅडल तळाशी जो ‘कट्’ असा खटका लागतो त्याच्या अलीकडेच थांबवा. खटका दाबला की मॅन्युअलमध्येही गाडी स्वतःहून गिअर उतरवते आणि मोजणी वाया जाते. हे मला चौथ्या फेरीला कळलं. पहाटे, सपाट रस्त्यावर, दोन्ही दिशांनी तीन-तीनदा मोजा, एसी बंद ठेवा आणि मोबाईल शेजारच्याच्या हातात द्या. माझ्या गाडीची सरासरी आली ५.२ सेकंद. दुरुस्तीनंतर तीच ३.७. या दीड सेकंदाला मी दीड महिना ‘मनाचे खेळ’ म्हणत होतो.

कागदावर २३० पीएस, डायनोवर १९८ आले. मला फसवलं का?

नाही. कंपनी सांगते ती इंजिनाच्या दांड्यावरची ताकद, आणि चाकांखालचा डायनो (ताकद मोजणारं मशीन) मोजतो ती गिअरबॉक्स, डिफरेन्शियल आणि टायर यांनी आपापला वाटा काढून घेतल्यानंतर उरलेली. साधारण १२ ते १५ टक्के तिथे जातात. म्हणजे १९८ हा तब्येतीत असलेल्या गाडीचा आकडा. शिवाय बंद खोलीत, समोर एकच पंखा लावून एप्रिलमध्ये घेतलेला आकडा जानेवारीतल्या आकड्याशी जुळत नाही. डायनो घ्यायचाच तर दुरुस्तीच्या आधी आणि नंतर, एकाच मशीनवर घ्या. दोन शहरांतल्या दोन मशीनचे आकडे एकमेकांसमोर ठेवून भांडण्यात अर्थ नाही.

ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच होत नाही, मग एकदम ओढते. हा बिघाड आहे?

थोडासा थांबा म्हणजे टर्बो लॅग. एक्झॉस्टच्या वायूने टर्बाइन फिरतं, त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर हवा दाबतो, आणि हा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्यांपर्यंत पोचायला वेळ घेतो. इंजिन १२०० आरपीएमला असताना पॅडल दाबलं तर एक्झॉस्टमध्ये जोरच नसतो. तेव्हा पॅडल कितीही दाबा.

पण डीएसजीवाल्यांच्या तक्रारीत टर्बोपेक्षा गिअरबॉक्सचा हात जास्त असतो. ‘डी’मध्ये तो मायलेजच्या मागे लागलेला असतो, पन्नासच्या वेगाला पाचवा गिअर टाकून बसतो. ओव्हरटेक करायला पॅडल दाबलं की आधी दोन गिअर खाली यायचं, मग बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, बनवायचा. तोपर्यंत समोरून एसटी येते. लिव्हर ‘एस’वर टाकून बघा. तक्रार तिथे नाहीशी झाली तर तुमच्या गाडीला काही झालेलं नाही.

दोन सेकंद थांबूनही खेच येत नसेल, किंवा आली तरी अर्धवट येत असेल, तर पुढे वाचा.

शोरूममधून कालच आणली, शून्य किलोमीटर. तरी दम नाही.

दीड हजार किलोमीटर होऊ द्या. पहिल्या हजारात फुल थ्रॉटल टाळायला आणि आरपीएम वरच्या लाल पट्ट्यापासून लांब ठेवायला मॅन्युअलमध्येच सांगितलेलं असतं. पिस्टन रिंगा अजून बसायच्या असतात आणि गिअरबॉक्सही अजून तुमचा पाय शिकत असतो. त्यानंतरही तक्रार राहिली तर वॉरंटी आहे, स्वतः पाना लावू नका.

पेट्रोल कुठलं भरायचं? ९५ आणि १०० ऑक्टेनने खरंच फरक पडतो?

या प्रश्नावर पंपावर, पार्किंगमध्ये आणि लग्नाच्या पंगतीत सारखेच वाद होतात.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाब आणि उष्णता वाढली तरी पेट्रोलने ज्योत पोचण्याआधी स्वतःहून पेट घेऊ नये, ती सहनशक्ती म्हणजे ऑक्टेन. टर्बो इंजिनात आधीच दाबलेली हवा सिलेंडरमध्ये आणखी दाबली जाते, त्यामुळे ही सहनशक्ती इथे कामाला येते. ती कमी पडली की आतल्या मिश्रणाचा काही भाग वेळेआधी भडकतो, त्यालाच नॉकिंग म्हणतात. इंजिनावर बसवलेला नॉक सेन्सर हे ऐकतो आणि संगणक ठिणगी उशिरा पाडायला लागतो. इंजिन वाचतं, पिकअप जातो. दिवा लागत नाही, आवाज येत नाही, फक्त गाडी सुस्तावते. वर्षानुवर्षं लोकल पेट्रोलवर चालवलेली गाडी अशीच सुस्त होऊन तुमच्या दारात येते.

तेव्हा आधी टाकीच्या झाकणाच्या आत चिकटवलेला स्टिकर वाचा. तिथे ९५ लिहिलं असेल तर किमान ९५ भरायचं, हौस म्हणून नव्हे. इंडियन ऑइलचं एक्सपी ९५ किंवा भारत पेट्रोलियमचं स्पीड ९७ मोठ्या शहरांत मिळतं. २०२० च्या डिसेंबरपासून एक्सपी १०० सुद्धा मिळतंय, ते मी दोषाचा शोध घेताना दोन टाक्या भरलं. स्टिकर ९५ मागत असेल तर १०० ने खिसा हलका होण्यापलीकडे फारसं काही होत नाही, पण रिमॅप केलेल्या, म्हणजे संगणकाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या, गाडीला होतं. बदल लगेच दिसत नाही. जुनं पेट्रोल संपून संगणकाने नव्याशी जुळवून घ्यायला एक-दोन टाक्या जातात.

इथेनॉलचं म्हणाल तर ई२० मध्ये लिटरमागे ऊर्जा साधारण ६-७ टक्के कमी असते, म्हणून मायलेज पडतं. ताकद तेवढी पडत नाही, कारण फुल थ्रॉटलला मर्यादा हवेची असते, इंजेक्टर पेट्रोल वाढवून भरपाई करतात, आणि इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन तर चांगलाच वरचा आहे. ‘ई२० आल्यापासून गाडी निम्मी झाली’ असं कुणी म्हणालं तर त्याला आधी प्लग बघायला सांगा. मात्र इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीतलं जुनं पेट्रोल काढून टाकलेलं बरं.

पंपाबद्दल संशय असेल तर फिल्टर पेपर मागा, तो तुमचा हक्क आहे. एक थेंब टाकायचा. शुद्ध पेट्रोल उडून जातं, डाग उरत नाही.

सकाळी झकास पळते, दुपारी सिग्नल ओलांडला की म्हातारी होते.

उन्हाळा. चाळीस अंशांची हवा पंधरा अंशांच्या हवेपेक्षा साधारण ८ टक्के विरळ असते, हे झालं मूळ भांडवल. टर्बो ती दाबतो तेव्हा ती आणखी तापते, आणि तिला थंड करायला पुढे इंटरकूलर असतो, पण त्यावरून वारा गेला तर. वाकडच्या पुलाखाली पंधरा मिनिटं उभं राहिल्यावर इंटरकूलर स्वतःच तव्यासारखा झालेला असतो. गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणाऱ्या ओबीडी ॲपवर आत जाणाऱ्या हवेचं तापमान बघा. चालत्या गाडीत ते बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी जास्त असेल तर ठीक. साठ-सत्तरच्या घरात गेलं की संगणक ठिणगी मागे ओढणारच. मोकळ्या रस्त्यावर पाच मिनिटांत ते खाली आलं पाहिजे. येत नसेल तर बंपरच्या जाळीतून बॅटरी मारून बघा. माझ्या एका मित्राच्या गाडीत इंटरकूलरसमोर गणपतीच्या मिरवणुकीतला कागदी गुलाल आणि एक अख्खी प्लॅस्टिकची पिशवी होती.

इंजिनचा दिवा लागलेला नाही. म्हणजे सगळं ठीकच ना?

नाही. दिवा लागायला दोष ठरावीक मर्यादेबाहेर आणि ठरावीक वेळ राहावा लागतो. बूस्ट दहा-पंधरा टक्के कमी पडत असेल तर संगणक टर्बोला जास्त राबवून ते झाकतो आणि गप्प बसतो. स्कॅनर लावून ‘तात्पुरते’ म्हणून नोंदवलेले कोडही वाचा. पी०२९९ म्हणजे बूस्ट मागितल्यापेक्षा कमी, पी०३०० पासून पुढचे मिसफायरचे, पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पी००८७ म्हणजे पेट्रोलचा दाब अपुरा.

आणि गाडी मध्येच मेल्यासारखी होऊन, चावी बंद-चालू केल्यावर पुन्हा तरतरीत होत असेल, तर ती ‘लिंप मोड’मध्ये, म्हणजे दोष दिसल्यावर संगणकाने ताकद आवळलेल्या अवस्थेत, जातेय. हे दैवी नाही, कोड नक्की नोंदवलेला असतो. विकणाऱ्याने गाडी दाखवण्याच्या सकाळी कोड पुसलेले असू शकतात, म्हणून घेतल्यावर दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा स्कॅन करा.

बूस्ट किती येतोय हे घरच्या घरी कसं बघायचं?

हा या सगळ्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न आहे आणि तो फार थोडे विचारतात.

एक ब्लूटूथचं ओबीडी डाँगल आणि मोबाईलवरचं ॲप पुरतं. फोक्सवॅगन-स्कोडाला व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन यांपैकी एखादा स्कॅनर असेल तर उत्तम, कारण त्यात ‘मागितलेला’ आणि ‘मिळालेला’ असे दोन्ही आकडे दिसतात.

पहिली गोष्ट, इंजिन न लावता नुसती चावी चालू करा आणि मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) दाब वाचा. हा आकडा निरपेक्ष असतो, म्हणजे वातावरणाचा दाब धरून. मुंबईत तो हजार मिलिबारच्या आसपास दिसेल, पुण्यात साडेनऊशेच्या जवळ, महाबळेश्वरला साडेआठशेच्या थोडा वर. यात मोठा फरक आला तर सेन्सरच खोटं बोलतोय आणि पुढचं सगळं फुकट. दोन शहरांतल्या मालकांचं ‘माझा बूस्ट जास्त, तुझा कमी’ हे भांडणही इथेच मिटतं. महाबळेश्वरच्या हवेत साधं इंजिन तेरा-चौदा टक्के ताकद घालवतं, टर्बो इंजिन त्यातलं बरंचसं भरून काढतं, पण त्यासाठी टर्बोला जास्त फिरावं लागतं. घाटावर आजारी टर्बो लवकर उघडा पडतो तो यामुळे.

दुसरी गोष्ट, तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांपासून पूर्ण पॅडल दाबून लॉग, म्हणजे या आकड्यांचा आलेख, घ्या. मागितलेली आणि मिळालेली रेघ एकमेकींना चिकटून चालली पाहिजे. सुरुवातीला थोडं अंतर चालतं, तो लॅग. ३००० नंतरही मिळालेली रेघ खालीच राहिली तर हवा कुठेतरी गळतेय, किंवा वेस्टगेट (टर्बाइनला वळसा घालून एक्झॉस्ट सोडणारी झडप) पूर्ण बंद होत नाहीय, किंवा टर्बो दमलाय, या क्रमाने. माझ्या गाडीच्या लॉगमध्ये मागणी होती २१०० मिलिबारची आणि पदरात पडत होते १६५०.

दोन्ही रेघा चिकटलेल्या असूनही गाडी मंद असेल तर टर्बोचं नाव घेणं सोडा. दोष ठिणगीत, पेट्रोलमध्ये, क्लचमध्ये किंवा एक्झॉस्टमध्ये आहे.

गळती शोधायची कशी?

कानाने सुरुवात करा. काच खाली करून भिंतीच्या कडेने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जोर लावा. फुगा सुटल्यासारखा ‘फिस्स्’ आवाज भिंतीवरून परत येतो. मग बोनेट उघडून टर्बोपासून इंटरकूलर आणि इंटरकूलरपासून थ्रॉटलपर्यंतचा प्रत्येक होज हाताने चाचपा. सांध्यापाशी तेलाचा ताजा ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर तिथेच थांबा. उंदीर विसरू नका. पावसाळ्यात तळघरातल्या पार्किंगमध्ये त्यांना गरम इंजिनासारखी दुसरी जागा नाही, आणि पातळ व्हॅक्यूम होज ते शेवग्याच्या शेंगेसारखे सोलून ठेवतात.

डोळ्याला दिसलं नाही तर स्मोक टेस्ट. माझी गाडी तोवर दोन ठिकाणी जाऊन आली होती. एकीकडे एअर फिल्टर आणि प्लग बदलले, दुसरीकडे डायव्हर्टर व्हॉल्व्ह बदलला आणि वर ‘टर्बोचं बघावं लागेल’ असं गंभीर चेहऱ्याने सांगितलं. तिसऱ्या गॅरेजात एक पोरगेलासा मेकॅनिक होता. त्याने काही न बोलता एअर फिल्टरच्या पाइपात रबरी बूच बसवलं, त्यातून धुराचं मशीन जोडलं आणि हलका दाब दिला. अर्ध्या मिनिटाने डाव्या हेडलाइटच्या खालून, उदबत्तीचा असावा तसा बारीक धूर वर यायला लागला. ‘साहेब, बंपर कधी उतरवला होता?’ त्याने विचारलं. मला कुठून माहीत असणार? बंपरचा रंग बाकी गाडीपेक्षा किंचित नवा होता हे तेव्हा प्रथमच माझ्या डोळ्यांत भरलं.

या गाड्यांत इंटरकूलरचे पाइप पट्टीच्या क्लॅम्पने आवळत नाहीत. पाइप आत ढकलायचा आणि तारेची क्लिप खाचेत टच्‌कन बसवायची. बंपर परत चढवणाऱ्याने पाइप घातला, क्लिपही लावली, पण आतली रबरी रिंग दुमडून चिरडली गेली. थांबलेल्या गाडीत सगळं जागच्या जागी दिसायचं. दाब आला की तिथून हवा निघून जायची. नवी रिंग, पंधरा मिनिटांचं काम. धुराचं मशीन नसेल तर साबणाचं पाणी फवारून हलक्या दाबाने बुडबुडे बघतात, तेही चालतं.

बूस्ट पूर्ण आहे, पण जोर लावला की गाडी अडखळते.

प्लग. दाबलेल्या हवेत ठिणगी उडी मारायला जास्त विजेचा दाब लागतो. प्लग झिजून फट वाढली की नेहमीच्या चालवण्यात काही कळत नाही, फुल थ्रॉटलला मात्र ठिणगी विझते. टर्बो इंजिनात प्लग कंपनीच्या वेळापत्रकापेक्षा थोडे आधीच बदलावेत असं माझं मत आहे. सेकंडहँड गाडीत तर पहिल्या दिवशीच, कारण सर्व्हिस बुकात ‘प्लग बदलले’ हे लिहायला फक्त पेन लागतं. पार्ट नंबर जुळणारेच घ्या. नंतरही अडखळली तर प्लगला वीज देणारी कॉइल. संशयित कॉइल शेजारच्या सिलेंडरवर टाका, मिसफायर तिच्यासोबत सरकला तर गुन्हेगार सापडला.

वॉल्व्हवरच्या कार्बनचं काय?

थेट सिलेंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या इंजिनात इनटेक वॉल्व्हवरून पेट्रोल जातच नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत आणि तेलाची वाफ त्यांवर काळी साय धरते. साठ-सत्तर हजारांपुढे, थंड इंजिन सकाळी थरथरत असेल तर एंडोस्कोपने बघून घ्या. साफ करायचा खरा उपाय म्हणजे मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या कवचाचा भुसा दाबाने मारणं. टाकीत ओतायच्या बाटल्या तिथवर पोचतच नाहीत. रस्ताच नाहीय.

आरपीएम चढतात, वेग चढत नाही.

क्लच घसरतोय. वरच्या गिअरमध्ये, दोन हजार आरपीएमला पूर्ण पॅडल दाबा. काटा उडी मारून वर गेला आणि गाडी तिथेच, की समजायचं.

इंजिन ठणठणीत, सगळे आकडे बरोबर, तरी जड वाटते.

वीस मिनिटं चालवून थांबा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा भलतंच तापलं असेल तर ब्रेकचा कॅलिपर अडकलाय. टायरची हवा आणि अलाइनमेंट तर आलीच. पावसात डॅशबोर्डवर ट्रॅक्शन कंट्रोलचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर ताकद इंजिनात आहे, रस्त्यावर उतरत नाहीय. विकण्यापूर्वी स्वस्तातले चार नवे टायर टाकून ‘नवे टायर’ अशी जाहिरात करण्याची पद्धत आहेच.

क्वचित एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून वितळून चोंदलेला निघतो. खालच्या आरपीएमला ठीक, वर गेलं की कुणीतरी नाक दाबल्यासारखं. मिसफायर दुर्लक्षित राहिलेल्या गाडीत हा संशय घ्या.

टेस्ट ड्राइव्हला तुफान होती, ताब्यात घेतल्यावर थंड. असं कसं?

मी हे दोनदा पाहिलंय. गाडी रिमॅप केलेली असते, सौदा ठरतो, आणि ताबा देण्यापूर्वी मालक मूळ सॉफ्टवेअर परत टाकून घेतो, कारण त्याचा ट्यूनर नव्या गाडीसाठी सवलत देणार असतो किंवा त्याला वॉरंटीचं लचांड नको असतं. तुम्ही २८० पीएसच्या प्रेमात पडलात आणि घरी २३० आणले. सॉफ्टवेअरचा नंबर आणि किती वेळा लिहिलं गेलं ते बघून जाणकार सांगू शकतो. उलटंही होतं, स्वस्तातला रिमॅप टाकलेली गाडी मूळ गाडीपेक्षा वाईट चालते.

मग मीच रिमॅप करून घेतला तर सगळं सुटेल?

आजारी गाडीवर रिमॅप म्हणजे ताप असलेल्याला पळायला लावणं. गळक्या पाइपातून जास्त बूस्ट मागितला की टर्बो भरपाईसाठी गरागरा फिरतो आणि खरंच जातो. आधी मूळ ताकद परत मिळवा, लॉग स्वच्छ येऊ द्या, मग हौस. वॉरंटी जाते आणि विमा कंपनीला न सांगितलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येतो, हे धरून चला. तेच उघड्या कोन फिल्टरचं. आवाज छान येतो, पण बोनेटखालची तापलेली हवा ओढली जाते. आपल्या हवेत कंपनीची बंद पेटी बरी.

गॅरेजवाला म्हणतो टर्बोच गेला. विश्वास ठेवू?

पुरावा मागा. खर्च लाखाच्या घरातला असू शकतो, तेवढं विचारायचा अधिकार आहे. इनटेकचा पाइप काढायला लावा आणि कॉम्प्रेसरचं चाक बोटाने हलवून बघा. बाजूला जेमतेम जाणवेल इतकी हालचाल चालते, पाती कडेला घासल्याच्या खुणा चालत नाहीत. पुढेमागे हालचाल जाणवली तर बातमी वाईट. निळा धूर, पाइपात तेलाचं तळं, पोलिसांच्या सायरनसारखा चढत जाणारा सूर, ही टर्बोची खरी लक्षणं. पाइपात तेलाचा नुसता ओलावा असणं सर्वसाधारण आहे, तो दाखवून टर्बो विकले जातात. आणि स्मोक टेस्ट न करता काढलेला निष्कर्ष असेल तर तो ऐकून घ्या, गाडी घेऊन निघा.

सर्व्हिस सेंटरला नेमकं काय सांगायचं?

‘पिकअप कमी आहे’ एवढंच सांगू नका. जॉब कार्डवर ते तीन शब्द लिहिले जातात, संध्याकाळी गाडी धुऊन, टायरना पॉलिश मारून परत मिळते आणि शेरा असतो ‘तपासले, ठीक आहे’. माझ्याकडे अशी दोन कार्डं आहेत. त्याऐवजी लॉगचा प्रिंट सोबत न्या आणि समोर बसून हे लिहून घ्या: ‘तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण थ्रॉटलला, ३००० आरपीएमपुढे बूस्ट मागणीपेक्षा ४५० मिलिबार कमी. टर्बो ते थ्रॉटल स्मोक टेस्ट करावी. मालकासोबत रोड टेस्ट घेतल्याशिवाय गाडी धुवू नये.’ शेवटचं वाक्य ॲडव्हायझर हसत हसत लिहितो, पण लिहितो.